दहाचा विक्रम आणि उरलेले अकरा

ताई, मी ३९ वर्षांची, कोथरूडला राहते, बँकेत नोकरी करते. दोन वर्षं पळतेय, रविवारी वेताळ टेकडीवर. दहा किलोमीटरची माझी सगळ्यात चांगली वेळ ६२ मिनिटं. नोव्हेंबरात इथेच पहिली हाफ मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटर, केली. पहिले दहा ५९ मिनिटांत झाले, इतकं छान वाटत होतं! चौदा-पंधराच्या पुढे पाय शिसाचे झाले. चालत-पळत २ तास ४१ मिनिटांत पोचले आणि रडू आलं. नवरा म्हणतो, तयारीच कमी होती. जानेवारीत मुंबईची हाफ आहे, तीन आठवडे उरलेत. २:१५ करायची इच्छा आहे. पेस किती ठेवू, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं? जेल घ्यावं का? आदल्या रात्री झोप लागत नाही, त्याचं काय करू? पाळीची तारीखही त्याच आठवड्यात येतेय. मुक्काम माहीमला नणंदेकडे आहे. नवऱ्यालाही बघायला यायचंय, त्याला कुठे उभं करू?
– दमलेली, कोथरूड

माझी धाकटी बहीण तुझ्याच वयाची आहे, तेव्हा सरळ अगं-तुगं करते. राग मानू नकोस.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं: ‘पहिले दहा ५९ मिनिटांत झाले.’ अगं, तुझा दहाचा विक्रम ६२ चा! म्हणजे त्या दिवशी तू आयुष्यातले सगळ्यात वेगवान दहा किलोमीटर पळालीस, आणि तेव्हा अजून अकरा बाकी होते. पुढच्या अकराला तुला १०२ मिनिटं लागली, म्हणजे किलोमीटरला नऊ मिनिटांहून जास्त. नवरोबांना सांग, तयारी कमी नव्हती. पगार झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळा उडवला आणि मग महिनाअखेर रडत बसलीस, एवढंच झालं. बँकेतल्या बाईला हे मी समजवायला नको.

‘पोटात काही नव्हतं म्हणून पाय गेले’ असं बरेच जण म्हणतात, आणि मग जेलची, म्हणजे साखरेच्या घट्ट पाकाची, पाकिटं कमरेला बांधून फिरतात. जरा हिशोब करू. सपाटीवर पळताना ढोबळमानानं एका किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे एक कॅलरी लागते. साठ किलोच्या बाईला एकवीस किलोमीटरसाठी बाराशे-तेराशे पुरतात. स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, नीट जेवणाऱ्या माणसाकडे साधारण त्याहून जास्तीच असते. तेव्हा फुल मॅरेथॉनवाले ज्या भिंतीच्या, म्हणजे साखर संपून पाय एकदम थांबण्याच्या, गोष्टी सांगतात, ती हाफमध्ये सहसा आडवी येत नाही. पण ऐपतीपेक्षा जोरात पळालं की शरीर चरबी कमी आणि साखर जास्त जाळतं, स्नायू आधीच थकतात, आणि शिल्लक असलेलं इंधनही नीट वापरता येत नाही. तू पंधराव्याला कोसळलीस, पण चूक पहिल्या तीन किलोमीटरमध्ये झाली होती.

आणि पहिल्या तीनमध्ये शरीर खोटं बोलतं, बरं का. आठवडाभर विश्रांती झालेली असते, ढोल वाजत असतात, शेजारून एक टी-शर्टवाला भरधाव जातो. साडेपाचचा पेस सातचा वाटतो. ‘इतकं छान वाटत होतं’ हे तुझे शब्द मला म्हणूनच धोक्याचे वाटले. पहिल्या तीनमध्ये छान नाही, कंटाळवाणं वाटायला हवं.

मोठ्यांचंही असंच होतं. २०२२ मध्ये बर्लिनला केनियाच्या एलियुड किपचोगेनं मॅरेथॉनचा पहिला अर्धा भाग ५९:५१ मध्ये काढला, दुसऱ्याला ६१ मिनिटांच्या वर लागली. तरी २:०१:०९ चा विश्वविक्रम झाला, कारण तो किपचोगे आहे. पुढच्या वर्षी शिकागोत केनियाच्याच केल्विन किप्टमनं आधी ६०:४८ घेतली आणि मग ५९:४७. झाले २:००:३५, आणि विक्रम मोडला. पहिल्या अर्ध्यात तो किपचोगेपेक्षा जवळजवळ मिनिटभर मागे होता.

आता तुझे २:१५. हा आकडा मी खोडणार आहे. पीट रीगल नावाच्या एका अमेरिकी इंजिनिअरनं १९७७ मध्ये एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराचा अंदाज बांधायचं सूत्र मांडलं. त्याचा आपल्या कामापुरता अर्क असा: दहाची वेळ गुणिले २.२. बासष्टला गुणलं की २:१६ ते २:१७ येतात. तेही सगळं जमून आलं तर, सपाट रस्ता आणि गार हवा असेल तर. मुंबईत यातलं दुसरं मिळत नाही. जानेवारीत तू पुण्यात दहा-बारा अंशांत पळतेस, घाम येतो तो लगेच वाळतो. माहीमला पहाटे अठरा-वीस अंश आणि दमट हवा. घाम वाळला तरच अंग गार होतं. तिथे तो नुसता वाहत राहतो, आणि त्याच पेसला नाडी चढलेली राहते. पुण्याचे धावपटू मुंबईत दरवर्षी इथेच फसतात. तेव्हा या खेपेला २:२० धर. नोव्हेंबरपेक्षा एकवीस मिनिटं कमी, काही थोडंथोडकं नाही. २:१५ पुढच्या थंडीत, गार हवेच्या एखाद्या गावी.

अजून एक हिशोब, घड्याळाचा. हाफ म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, पण हे अंतर वळणांच्या आतल्या कडेनं, सगळ्यात जवळच्या वाटेनं मोजलेलं असतं. तू गर्दीतून डावी-उजवीकडे जाणार, पाणी घ्यायला कडेला जाणार. शेवटी मनगटावरचं जीपीएस घड्याळ २१.३ किंवा २१.४ दाखवतं. ‘घड्याळावर पेस बरोबर होता, मग दोन मिनिटं गेली कुठे?’ असं विचारणारी पत्रं मला दरवर्षी येतात. त्यात गेली! २१.४ धरून २:२० साठी घड्याळावर सरासरी ६:३२ दिसायला हवी.

पण सरासरी ही रस्त्यावर उपयोगाची गोष्ट नाही. रस्ता बघून वाटणी कर. गेल्या काही वर्षांत हाफ माहीमच्या रेतीबंदरवरून पहाटे पाचच्या सुमारास सुटते. (वाटेत बारीकसारीक फेरफार होत असतात, बिबबरोबर, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराबरोबर, आलेला नकाशा बघून घे.) पहिले तीन किलोमीटर ६:४५. गर्दीच असते, वाट काढायला नागमोडी पळू नकोस. लोक तुला मागे टाकतील, टाकू देत. त्यातले निम्मे तुला हाजी अलीला परत भेटतील.

मग वांद्र्याहून सी लिंक. ही खरी कसोटी. २००९ मध्ये खुला झालेला हा ५.६ किलोमीटरचा पूल, एरवी तिथे पायी पाऊल ठेवायची मुभा नाही. त्या एका पहाटे तो पळणाऱ्यांचा. अंधार, वर दोऱ्यांसारख्या तारा, खाली काळा समुद्र, आजूबाजूला हजारो बुटांचा आवाज. मी पहिल्यांदा तिथे पळाले तेव्हा असं भरून आलं की दोन किलोमीटर किलोमीटरमागे चाळीस सेकंद जास्त वेगानं काढले आणि ते पेडर रोडवर व्याजासकट फेडले. तू डोळे भरून बघ, पण पाय ६:३० लाच ठेव. इथे एक युक्ती कर, तेराचा पाढा पुटपुट. ‘तेरा चोक बावन्न’पर्यंत एका दमात पोचलीस तर पेस ठीक. ‘तेरा त्रिक’ला धाप लागली तर घड्याळ काही का म्हणेना, तू जास्त जोरात आहेस.

वरळी, मग हाजी अली, साधारण बारापर्यंत हेच ६:३०. पुढे पेडर रोडचा चढ. त्याची फार बदनामी आहे. ती मुख्यतः फुल मॅरेथॉनवाल्यांनी केली, त्यांना तो तिशीच्या पुढे, दमल्यावर चढायचा असतो. वेताळ टेकडीवर रविवार घालवणाऱ्या बाईनं त्याला काय घाबरायचं! फक्त तिथे घड्याळाकडे बघू नकोस. पावलं छोटी कर, हात हलते ठेव, श्वास पुलावर होता तसाच राहू दे, पेस आपोआप ६:५० होईल. उतारावर मात्र स्वतःला सोडून देऊ नकोस, मांड्या तिथेच फुटतात.

चौदाला घड्याळात ९२ मिनिटं आणि वर काही सेकंद दिसले तर आपलं गणित जमलं. इथून पुढे पाढे बंद. चौपाटी, मरीन ड्राइव्ह, उरलेले साडेसात किलोमीटर ६:२५ नं. नोव्हेंबरात याच टप्प्यात तू चालत होतीस. या वेळी समोरची एक पाठ निवडायची, ती गाठायची, मग पुढची. मुंबईत जानेवारीच्या मध्यावर सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, म्हणजे तुझी जवळजवळ सगळी रेस अंधारातच. गॉगल, टोपी काही नको.

तीन आठवड्यांत नवी ताकद येत नाही, असलेली शाबूत ठेवायची. रेसच्या दोन आठवडे आधीच्या रविवारी सतरा-अठरा किलोमीटरची शेवटची लांब दौड, त्यातले अखेरचे चार ६:३० नं. तीही पहाटे पाचला, रेसच्याच कपड्यांत, तेच खाऊन. काय घासतं, काय टोचतं ते तिथेच कळू दे. व्हॅसलीन कुठे लावायचं हे रेसनंतर आंघोळीला कळण्यापेक्षा बरं. मग अंतर कमी करत शेवटच्या आठवड्यात निम्म्यावर. बुधवारी पाचातले दोन किलोमीटर ६:३० नं, म्हणजे पायांना पाठ होईल. त्या आठवड्यात टेकडी नको, एखाद्या दगडावर घोटा मुरगळला की संपलं.

जानेवारीतला तिसरा रविवार म्हणजे नुकतीच संक्रांत होऊन गेलेली. गुळाची पोळी खा, बिनधास्त खा, पण संक्रांतीलाच. शनिवारी तीळ, तूप, तळण नको. हळदी-कुंकवाच्या फेऱ्या शुक्रवारनंतर बंद, चार घरी उभं राहून पाय दुखतात आणि प्रत्येक घरी काहीतरी खावं लागतं. नणंदेला आधीच फोन कर. ती प्रेमानं छोले-पुऱ्या करेल आणि तुला नाही म्हणता येणार नाही. शनिवारी दुपारी पोटभर आणि रात्री साडेसातपर्यंत थोडं कमी: वरण-भात, लिंबू, बटाट्याची साधी भाजी. उसळी, कोशिंबिरी, पालेभाज्या दोन दिवस दूर. तब्येतीला त्या चांगल्याच, पण वरळीला शौचालयाच्या रांगेत उभं राहायला लागलं की कळतं. मला कसं माहीत विचारू नकोस. बरं, सांगते. एक्स्पोमध्ये, म्हणजे रेसआधीच्या प्रदर्शनात, फुकट मिळालेलं अनोळखी जेल मी रेसमध्ये घेतलं होतं. त्या रांगेत माझी अकरा मिनिटं गेली.

त्यावरून जेलचं. लागेलच असं नाही, पण सव्वादोन तास पळायचंय, तेव्हा मदत होते. पाऊण तासाला एक आणि दीड तासाला एक, बस. बरोबर साधं पाणी, इलेक्ट्रोलाइटचं गोड पाणी नको, दोन्ही गोड एकत्र झाले की पोट बिघडतं. लांब दौडीत घेऊन पाहिलेलंच घे. जेल नको वाटलं तर बिया काढलेले खजूर चालतात. चिक्की नको, कोरड्या तोंडात ती चावत बसशील. पहाटे तीनला उठून केळं आणि ब्रेड-जॅम, रोज चहा लागत असेल तर चहाही. नणंदेचं घर माहीमलाच आहे हे तुझं भाग्य. विरार-कल्याणहून येणारे जादा लोकल पकडून येतात, तू चालत जाशील. स्वच्छतागृहाचं घरीच उरकून निघ.

पाणी तहानेप्रमाणे. प्रत्येक टेबलावर दोन पेले रिचवायची गरज नाही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपल्यावर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यात १३ टक्क्यांचं सोडियम नेहमीच्या पातळीखाली गेलेलं होतं. त्याचं एक मोठं कारण, जास्त पाणी पिणं. दोन-तीन घोट घे, तेवढी वीस पावलं चाल, त्यात काही कमीपणा नाही. पळता पळता पेला तोंडाला लावला तर निम्मं नाकात जातं. दुखण्याची गोळी आधीच घेऊन पळायचं नाही, मूत्रपिंडावर ताण येतो. आणि छातीत दुखलं, चक्कर आली, अंगावर काटा येऊन थंडी वाजू लागली तर थांबायचं आणि डॉक्टरांचा तंबू गाठायचा. तिथे २:२० वगैरे काही नाही.

पाळीचं विचारलंस ते बरं केलंस, बायका विचारत नाहीत आणि गुपचूप गोळी घेतात. सत्यनारायणासाठी घेतो तशी पाळी पुढे ढकलायची गोळी केवळ रेसपायी, तीही पहिल्यांदाच, घेऊ नकोस. मळमळ, अंग फुगणं, पोटात कळा यापैकी काय वाट्याला येईल सांगता येत नाही. घ्यायचीच असेल तर आत्ता, तीन आठवडे आधी तुझ्या डॉक्टरांशी बोल. पाळीत पळता येतं, अनेक जणी पळतात. एरवी वापरतेस तेच वापर, काळी शॉर्ट्स घाल आणि एक जास्तीचं कमरेच्या पाउचमध्ये ठेव. पोटात दुखणारी असशील तर पहिले तीन किलोमीटर आणखी सावकाश.

झोपेचं सोपं आहे. शनिवारी रात्री झोप लागणार नाहीच, कोणालाच लागत नाही. नुसती पडून राहा. शुक्रवारची रात्र मोलाची, ती मोबाइलवर घालवू नकोस. त्यासाठी बिब शुक्रवारीच घे. रेसच्या दिवशी ते मिळत नाही, बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) एक्स्पोतून आधीच घ्यावं लागतं, ओळखपत्र घेऊन. शनिवारी गेलीस तर तीन तास उभी राहशील, शिवाय सवलतीतले नवे बूट घ्यायचा मोह होईल. घे हवे तर, पण रविवारी घालू नकोस. बिबच्या मागे रक्तगट आणि नवऱ्याचा नंबर लिही. बिबला चिप असते, तुझी वेळ तू रेघ ओलांडल्यापासून मोजतात, म्हणून पुढे घुसायची गरज नाही. दिलेल्या गटात, मागच्या बाजूला उभी राहा.

आता नवरोबांचं. शेवटच्या रेषेजवळ उभं करू नकोस, तिथे गर्दीत तू त्याला दिसणार नाहीस आणि तुलाही तेव्हा कोणी नको असतं. पहाटेच्या लोकलनं त्यानं चर्नी रोडला उतरावं आणि मरीन ड्राइव्हच्या सुरुवातीला, चौपाटीजवळ उभं राहावं. सव्वापाचला रेघ ओलांडलीस तर सातच्या जरासं आधी तू तिथून जाशील. बाजू आधी ठरवून ठेवा, समुद्राची की इमारतींची, नाहीतर तो एकीकडे हात हलवत राहील आणि तू दुसरीकडून निघून जाशील. ‘आता थोडंच राहिलं’ असं त्यानं अजिबात म्हणायचं नाही, तिथून पाचेक किलोमीटर असतात आणि ते थोडे नसतात. नाव घेऊन ओरडला तरी पुरे. मग मरीन लाइन्सवरून चालत आझाद मैदानाकडे यावं, आणि कोरडा टी-शर्ट आणि तुझ्या चपला आठवणीनं आणाव्यात. पाय सुजलेले असतात, बूट काढल्यावर परत चढत नाहीत.